मिटेल शे

लळिंगच्या उत्तरेच्या तटाला
मे महिन्यात हात टेकवत नाही.
दुपारी दोनला सावलीसुद्धा पोळते.
खाली आग्रा रोडवर ट्रक,
मुंगळ्यांएवढे, आवाज न करता चाललेले.

मी चिऱ्यांच्या सांध्यांतून शोधत होते.
जिथं जुना चुना अजून तग धरून आहे,
जिथं चिमूटभर माती, तीही वाऱ्यानं आणून टाकलेली,
तिथं ते सापडलं:
जळून वाकलेल्या काडेपेटीच्या काड्यांसारखं,
राखाडी, आखडलेलं,
लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढं.
मराठीत याला मयूरशिखा म्हणतात.
आत्ता त्यात मोर कुठंच नव्हता.

"मरेल शे का हाई?"
माझी अहिराणी अजून कच्चीच. मी सांगलीकडची.
उखर्डूभाऊ एरवी हसतात, तेव्हा हसले नाहीत.
एकतीस वर्षं त्यांनी आमच्या प्रयोगशाळेत
काचेच्या पट्ट्या धुतल्यात, टिपकागद उन्हात घातलेत,
आणि प्रत्येक सहलीत सगळ्यांत आधी
झाड त्यांनाच दिसलंय.
"मरेल नही शे, मॅडम," ते म्हणाले,
"मिटेल शे."

वहीत मी लिहिलं:
देठ तारेसारखा, गवती रंगाचा.
पान पंख्यासारखं. एकाचे दोन फाटे, दोनाचे चार,
पुढे मोजणं सोडलं.
कडा मागे दुमडलेल्या, दुमडीत बीजाणूंची तपकिरी ओळ.
फूल नाही, बी नाही.

बीजाणूतून आधी जे उगवतं
ते नखाएवढं, हिरवं, मधे खाच असलेलं.
पुस्तकात 'हृदयाकृती' लिहिलंय.
मी वर्गात पिंपळाचं पान म्हणते,
मागच्या बाकांना हसायला निमित्त नको.
त्याला पाण्याचा एक पातळ पापुद्रा लागतो,
कपाळावरच्या घामाएवढा.
या भिंतीवर तो कधी आला, किती वेळ थांबला,
कोणी नोंदलेलं नाही.

उतरताना उखर्डूभाऊ आपणहून बोलले.
त्यांच्या आधीची तीन गेली होती.
म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना
उकिरड्यावर ठेवलं, मावशीनं उचलून आणलं,
आणि नाव ठेवलं हे.
"म्हणजे मरणनी देखं तरी
म्हने, कचरा शे, ऱ्हाऊ दे."
पाण्याची बाटली त्यांनी मला दिली.
तिच्यात पाणी गरमच होतं.

रात्री एक गुच्छ बशीत ठेवला, बशीत पाणी.
अकरापर्यंत काही नाही.
लाईट गेली, पंखा थांबला, मी गच्चीवर झोपायला गेले.
सकाळी ओट्यावर
एक हिरवा पंखा, दुसरा अर्धा,
तिसरा अजून ठरवत असल्यासारखा.
दूध उतू गेलं ते कळलंच नाही.

दुसरा गुच्छ मी प्रयोगशाळेच्या खिडकीत
कुंडीत लावला, चांगल्या मातीत, शेणखत घालून.
रोज पाणी दिलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा
रिक्षा करून गेले.
तीन आठवड्यांत कुजला.
उखर्डूभाऊंनी कुंडी उचलून नेली,
मला काही बोलले नाहीत,
रिकामी धुऊन पालथी घातली.

बशीतला नमुना दाबून वाळवलाय.
शीटवर डिंकाच्या कागदपट्ट्या,
उजव्या कोपऱ्यात लेबल.
'अधिवास' या रकान्यात कितीतरी दिवस
एकच शब्द होता: खडक.
आज पुढे लिहिलं:
उत्तरेची बाजू. जुना चुना. माती नसल्यात जमा.
फार काळजी सोसत नाही.
विभागप्रमुख ही शेवटची ओळ खोडतील.

त्याखाली 'संग्राहक'.
या रकान्यात आजवर माझी सही जात आली.
पेन झटकलं, शाई उतरेना.
मग उतरली:
उखर्डू तोताराम महाजन, धुळे.